ही वाट नाही

१

मोहफुलं पडायला लागली की रेंगाटोल्यात माझा दिवस पहाटे पाचला सुरू होतो, आणि शिव्यांनीच सुरू होतो. शिव्या नेटवर्कला. धानोऱ्याहून सतरा किलोमीटर आत ग्रामसभेच्या गोदामातली एक खोली, वर टिनाचं छप्पर, मागच्या भिंतीला मोहाच्या पोत्यांची थप्पी आणि खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधलेला डोंगल. तो चार बोटं इकडेतिकडे सरकला की नेट गेलं. चंद्रपुरात माझी आई सगळ्या कॉलनीला सांगते की आमचा कुलदीप कॉम्प्युटर इंजिनिअर आहे. तिनं मला एकदा ती सुतळी ओढताना बघायला पाहिजे.

काम मात्र खोटं नव्हतं. मागच्या हंगामात शेजारच्या गावात मोह वेचायला गेलेल्या दोन बाया परतल्या नाहीत. वाघाचा भाग आहे, ते सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्या परतल्या नाहीत हेच कळायला संध्याकाळ झाली. म्हणून एका संस्थेनं मला हे ॲप करायला बसवलं. गावातून जंगलात जाणाऱ्या सहा वाटा. प्रत्येक वाटेच्या टोळीजवळ एक फोन. आत शिरताना नावासमोर ‘गेले’ दाबायचं, बाहेर येताना ‘परतले’. प्रत्येक वाटेच्या पानावर लाल आकडा दिसायचा, ‘आत’ किती आहेत याचा. अकराच्या ठोक्याला तो शून्य नसला की गावातली माणसं काठ्या घेऊन निघायची. त्या आकड्यावर जीव टांगलेले होते, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. नंतर ‘माहीत नव्हतं’ म्हणायची सोय नाही.

नोंदी ठेवायला ललिता होती. ललिता कुमरे, सव्वीस वर्षांची, बारावी पास, सहा नंबरच्या टोळीची पुढारी. तिचा आवडता शब्द ‘नाई’. मी काहीही दाखवलं की आधी नाई, मग कारण.

“हे बटन इथी नाई पायजे, भाऊ. अंगठा पोचत नाई.”

“बाकीच्यांचा पोचते ना?”

“नाई पोचत. ते तुमाले सांगत नाई. मी सांगून राह्यली.”

चिडचिड व्हायची. पण दर वेळी ती बरोबर निघायची, आणि त्यामुळे आणखी चिडचिड व्हायची.

२

आता थोडं ॲपबद्दल सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. अशा ॲपमध्ये खरं तर एकच पान असतं. झाडीपट्टीच्या नाटकात स्टेज एकच असतं. मागचा पडदा बदलला की राजवाडा, पुन्हा बदलला की जंगल. तसंच हे. तुम्ही चौथ्या वाटेवर बोट ठेवलं की वर पत्त्याच्या पट्टीत ‘वाट/४’ असं उमटतं, पण सर्व्हरवर तशी जागा कुठेच नसते. फोनमधला कोडच पत्ता वाचतो, आपल्या यादीत बघतो आणि पडदा बदलतो. वाट आहे असं फक्त दिसतं.

भानगड झाली ती रिफ्रेशची. बाया ‘वाट/४’ वर असताना पान पुन्हा लोड करायच्या, फोन थेट सर्व्हरला विचारायचा की वाट चार कुठे आहे, आणि सर्व्हर म्हणायचा की असलं काही माझ्याकडे नाही. पांढरं पान. बाया घाबरायच्या. मी दोन दिवस डोकं फोडून सर्व्हरला एक नियम लावला. कोणीही काहीही मागो, तू नाही म्हणायचं नाही. हो म्हण, मुख्य पान दे, पुढचं फोनमधला कोड बघून घेईल. सगळे असंच करतात, यात माझी काही वेगळी अक्कल नाही.

मग खोट्या पत्त्याला अडवायचं काम कोडकडे आलं. यादीच्या तळाशी मी शेवटची ओळ लिहिली. वरच्यापैकी काहीच जुळलं नाही, तर ‘पान सापडले नाही’.

“हे कोनाले समजन?” ललिता म्हणाली. “नाई. इथी फांदी काढा.”

“फांदी?”

तिनं मला नेऊन दाखवलं. जंगलात वाटेला दोन फाटे फुटले की पुढे चालणारा माणूस चुकीच्या फाट्यावर हिरवी फांदी तोडून आडवी टाकतो. मागून येणाऱ्यानं समजायचं. फांदी आडवी आहे म्हणजे ही वाट नाही. इथली तीन वर्षांची पोरंही फांदी ओलांडत नाहीत. सहा नंबरच्या वाटेवर, गावापासून वीस मिनिटांवर, चढावर असा एक फाटा होता. तिथे एक काडी नेटवर्क यायचं, म्हणून मला ती जागा फार आवडायची. डावीकडे सहा नंबर. उजवीकडे फांदी, तिच्या बुंध्यावर एक दगड.

“ही फांदी तर आताची दिसते.”

“हंगामाच्या पयल्या दिवशी लच्छूकाका टाकते. दरसाल.”

“तिकडे काय आहे?”

“कायी नाई. वाट नाई आहे ते.”

“दिसते तर खरी.”

“दिसते,” ललिता म्हणाली. “म्हून तर फांदी टाका लागते.”

त्या दुपारी तिनं वहीच्या पानावर फांदी काढून दिली, मी तिचा फोटो काढून शेवटच्या ओळीला लावला आणि खाली लिहिलं, ‘ही वाट नाही’. बाया खूश झाल्या. चुकून खोट्या पत्त्यावर गेल्या की हसायच्या आणि मागे यायच्या.

३

पंधरा दिवसांनी नागपूरहून संस्थेच्या श्रीहरी सरांचा फोन आला. पाहुण्यांना ॲप दाखवताना त्यांच्याच हातून पत्ता चुकला होता आणि मोठ्या पडद्यावर फांदी आली होती.

“अरे, ते काय झाडपाला दाखवतंय? शुक्रवारी पुन्हा दाखवायचंय. काहीही टाईप केलं तरी काहीतरी नीट उघडलं पाहिजे.”

मी समजावलं. ते ऐकणाऱ्यातले नव्हते. आणि खरं सांगायचं तर मलाही ती यादी नकोशी झाली होती. गावकरी एखाद्या वाटेचे दोन भाग करायचे, मग मी सुतळी ओढत बसायचो, नवीन ओळ लिहायचो, नेट जायचं, पुन्हा पहिल्यापासून. म्हटलं, जाऊ द्या. यादीच काढून टाकली. ‘वाट’ आणि पुढे कोणताही आकडा, उघड वाटेचं पान. शेवटची ओळ पुसली. फांदी गेली.

ललिताला दुसऱ्या दिवशी कळलं.

“फांदी काऊन काढली?”

“सरांनी सांगितलं. शुक्रवारपर्यंत राहू दे, मग लावतो.”

“नाई. आजच लावा.”

“ललिता, ते चित्र आहे फक्त.”

ती उठून गेली. मला वाटलं, हिचं नेहमीचंच आहे.

४

त्याच दुपारी, तपासायचं म्हणून, मी ‘वाट/७’ टाईप केलं. सातवी वाट नाहीच. डेटाबेसमध्ये सातवर एक नोंदही नाही. म्हणजे रिकामं पान यायला हवं होतं, वर ‘आत: ०’.

पान उघडलं. वर लाल अक्षरांत ‘आत: ३’.

खाली तीन ओळी. नावाच्या जागी काहीच नाही. ‘गेले’ या रकान्यात तिन्हींना ५:४०. ‘परतले’ रिकामं.

मी हसलोसुद्धा. म्हटलं जुनी नोंद फोनमध्ये अडकली असेल. साठवलेलं सगळं साफ केलं. पुन्हा तीन. लॅपटॉप बदलून फोनवर बघितलं. तीन. डेटाबेस उघडून सरळ विचारलं, सातवर कोण आहे? कोणी नाही. पान म्हणत होतं तीन. हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही, हे मी त्या टिनाखाली बसून स्वतःला मोठ्यानं सांगितलं. उन्हानं वरचा पत्रा कट्‌कट्‌ वाजत होता, पोत्यांचा गोड, आंबूस वास डोक्यात चढत होता. आठवी वाट टाकून बघितली. ‘आत: ०’. नऊ, शून्य. एकशे बारा, शून्य. सातला तीन.

अक्कलवाल्या माणसानं काय करावं? शेवटची ओळ परत लावावी आणि पान बंद करावं. पण मला चूक सापडत नाही म्हटल्यावर मी ते झाकणार नव्हतो. माझ्या कोडमध्ये माझ्या परवानगीशिवाय काही होतं म्हणजे काय? संध्याकाळपर्यंत बसलो, एकेक ओळ वाचली. काही नाही. उठलो तेव्हा पाय बधिर झाले होते आणि संतापानं रडू यायचं बाकी होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला सातचं पान उघडून ठेवलं. ‘आत: ०’. ५:४० ला आकडा बदलला. एक. दोन. तीन.

५

लच्छूकाका खोलीच्या दारात आले. सत्तरीचा माणूस, खांद्यावर कुऱ्हाड, कधी जास्त बोलायचे नाहीत.

“फाट्यावरची फांदी उचलली का, कुलदीपभाऊ?”

“मी काऊन उचलू, काका? मी तर खोलीच्या बाहेरच नाई निंगालो.”

“काल नवी टाकली. आज ते बी नाई.”

“ढोरानं नेली असन.”

“दगड जागेवर आहे,” काका म्हणाले. “ढोर दगड बाजूले ठेवून फांदी नेते का?”

मला या गोष्टींचा राग येतो. घरात आम्ही बाबासाहेबांच्या फोटोखाली वाढलो, कार्यकारण विचारायला शिकलो. फांदी गेली तर ती कोणीतरी नेली. मी तसं बोललो. काका ऐकून घेऊन निघून गेले. मागे ललिता उभी होती.

“तुमच्या इथली कोणत्या दिवशी काढली?” तिनं विचारलं.

“मंगळवारी.”

“तिथली बी मंगळवारीच गेली.”

“त्याचा याच्याशी काय संबंध?”

“मले नाई माहीत,” ती म्हणाली. “तुमी शिकलेले आहा. पन लावा ना, भाऊ. मी त्याच वाटेनं जातो रोज.”

शुक्रवारला एकच दिवस उरला होता. मी म्हटलं, उद्या दुपारी सरांचं झालं की लावतो, अगदी नक्की. ती ‘बरं’ म्हणाली नाही.

६

शुक्रवारी सकाळी साडेदहाला पाच वाटा शून्यावर आल्या. सहावीही शून्यावर आली. सहाच्या बाया टोपल्या घेऊन खोलीसमोरून गेल्या. पाच जणी जातात, मी चार मोजल्या.

“ललिता?”

“आमचं ‘परतले’ दाबून मांगंच राह्यली. आपल्या झाडाखाली. येऊन राह्यली असन.”

पण पान तर सहाला कोणी आत नाही म्हणत होतं. माझं बोट सातकडे गेलं, माझ्या मनात नसताना. ‘आत: ४’. तीन ओळी रिकाम्या. चौथीत नाव होतं. ललिता कुमरे. गेले ६:१२. परतले रिकामं.

सहाचा फोन तिच्याजवळच असायचा. लावला. ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर.’ मी धावत लच्छूकाकांकडे गेलो आणि आम्ही दोघं फाट्यापर्यंत जवळजवळ पळत गेलो. ऊन पांढरं झालं होतं. फाट्यावर दगड एका बाजूला होता. फांदी नव्हती. उजवीकडची वाट स्वच्छ होती, मोहाखालची जमीन वेचण्याआधी झाडतात तशी झाडलेली, पानाचा कचरा नाही.

“ललिता!” मी ओरडलो.

उत्तर नाही. मग आवाज आला. टप. टप. टप. मोहफुलं पडण्याचा. मोह पहाटे पडतो, ऊन चढेपर्यंत थांबतो. हे मला या दोन महिन्यांत कळलं होतं. घड्याळात सव्वाअकरा होते. वळणापलीकडे फुलं पडत होती, एकसारखी, मोजून सोडल्यासारखी. आणि वळणावर, झुडपाच्या आड, कोणीतरी वाकून वेचत होतं. मला पाठ दिसली, लुगड्याचा विटलेला रंग आणि टोपलीत जाणारा हात. त्या हाताच्या मागे दुसरा हात, त्याच वेळी खाली, त्याच वेळी वर.

मी एक पाऊल टाकलं. काकांनी माझा शर्ट मागून धरला, इतका घट्ट की गुंडी तुटली.

“त्या कोन आहे, काका?”

“पाहू नका,” ते म्हणाले. “मानसं घेऊन येऊ. चला.”

७

काका माणसं गोळा करायला टोल्यात गेले. मी खोलीत आलो, पान बघायला. आणि ललिता तिथे बसलेली होती. माझ्या स्टुलावर, पोत्यांना टेकून, हात मांडीवर.

आनंदानं आधी मी रडलो, मग तिच्यावर ओरडलो, मग दारातून काकांना हाक मारली की आली, आली, ललिता आली. काठ्या घेतलेली माणसं दारापर्यंत आली, बघून हसली, कोणी मला दोन शब्द सुनावले आणि पांगली. काका आत आले नाहीत. उंबऱ्याच्या बाहेरूनच त्यांनी तिला न्याहाळलं.

“बरी आहेस, बाई?”

“हो.”

“फाट्यावर फांदी टाकू मंग?”

“हो.”

काका कुऱ्हाड घेऊन निघून गेले. मी तिला पाणी दिलं. तिनं पेला हातात धरला आणि तसाच धरून राहिली.

“किती घाबरवलं तू! रस्ता चुकली होती?”

“हो.”

“फोन कुठं आहे? हरवला?”

“हो.”

दमली असेल, उन्हाचा तडाखा बसला असेल. मी लॅपटॉप उघडला. सातचं पान अजूनही ‘आत: ४’ म्हणत होतं, चौथ्या ओळीत तिचं नाव. साहजिक होतं. फोन हरवला, ‘परतले’ कोण दाबणार? इतकं सोपं. चार दिवसांत पहिल्यांदा एका गोष्टीला कारण सापडलं आणि मी त्या कारणाला मिठी मारली. शेवटची ओळ परत लिहिली. फांदीचं चित्र शोधून जागेवर लावलं. पाठवायचं बटण दाबायच्या आधी तरी मी विचारलं, तेवढं श्रेय मला द्या.

“ललिता, सात बंद करून टाकतो. आत कोणी नाही ना?”

“हो,” ती म्हणाली.

मी दाबलं. नेट कधी नव्हे ते धावत होतं. तीन मिनिटांत नवीन कोड चढला. मी ‘वाट/७’ टाईप केलं आणि वहीच्या पानावरची ती वाकडी फांदी आली, खाली ‘ही वाट नाही’. इतकं हलकं वाटलं, की श्रीहरी सरांचे सहा मिस्ड कॉल दिसूनही मी शिवी दिली नाही.

८

पावणेचारला फोन वाजला. स्क्रीनवर नाव होतं, ‘ललिता वाट ६’. मला वाटलं, कोणाला तरी हरवलेला फोन सापडला. उचलला.

“कुलदीपभाऊ, तुमचं ॲप कायले ठेवलं आहे?” आवाज चिडलेला, दम लागलेला, आणि त्यात शंका घ्यायला जागा नव्हती. “सकायपासून मले सातमंदी दाखवून राह्यलं. मी नाई मनलं होतं ना तुमाले? नाई मनलं होतं का नाई?”

मी स्टुलाकडे बघितलं. ती तशीच बसली होती, पेला हातात, पाणी भरलेलं.

“ललिता, तू कुठं आहेस?”

“फाट्यावर. किती चालली, भाऊ, सकायपासून चालूनच राह्यली. आता कुठी फाटा दिसला. पन इथी तर फांदी आडवी आहे. ओली आहे. लच्छूकाकानंच टाकली, त्यायचाच दगड आहे.” ती थांबली. दूरवर टप टप ऐकू येत होतं. “म्हंजे हे वाट नाई.”

“ललिता, ऐक. फांदी ओलांड. ओलांडून इकडे ये, मी येतो.”

“फांदी कोनी ओलांडते का?”

“मी सांगतो ना! उचलून फेक ते!”

“नाई,” ललिता म्हणाली. समजावल्यासारखं म्हणाली, जसं बटणाबद्दल समजावायची. “काका उगाच नाई टाकत. मीच कुठीतरी चुकली असन. चालली मी मांगं. दुसऱ्या वाटेनं पाहातो.”

फोन कटला. मी लावला, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. शेवटची ओळ पुसली, बटण दाबलं, नेट गेलं. सुतळी ओढली, तुटली. मग मी ते सगळं तसंच टाकून पळत सुटलो. फाट्यावर फांदी होती, तेंदूची, ताजी, तुटल्या जागी ओली, बुंध्यावर काकांचा दगड. मी दगड लाथेनं उडवला, फांदी उचलून लांब भिरकावली. तिच्यामागे वाट नव्हती. काटेरी चिल्हाटीचं जाळं होतं, दाट, वर्षानुवर्षं कोणी शिरलं नसावं असं. मी त्यात हात घातले. कोपरापर्यंत ओरखडून निघालो, तिला हाका मारत राहिलो, घसा बसला. एका काडीचं नेटवर्क होतं. ‘वाट/७’ उघडून बघितलं. दुपारचाच कोड होता आणि तिनंच काढलेली फांदी होती.

खोलीत परत आलो तेव्हा उन्हं कलली होती. ती स्टुलावरच होती. मी समोर जमिनीवर बसलो. हाताला काटे टोचत होते. विचारायचं नव्हतं; या बाईला काय विचारलं की काय उत्तर येतं हे मला आता कळलं होतं. सर्व्हरला तो नियम मीच तर लावला होता, नाही म्हणायचं नाही.

तरी विचारलं.

“तू ललिताच आहेस ना?”

“हो,” ती म्हणाली.